फुजीच्या आरएएफ फाइलींसाठी रॉ एडिटर कसा निवडायचा

फुजीफिल्मचा कॅमेरा घेतला की सुरुवातीला कॅमेऱ्याने तयार करून दिलेले जेपेगच इतके भारी येतात की रॉकडे, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलीकडे (फुजीत ती आरएएफ), बघावंसंही वाटत नाही. मग कधीतरी पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन येता, तोच फोटो रॉमधून नीट काढायला बसता, आणि दिसतं की रंग कॅमेऱ्यातल्यासारखे नाहीत, झाडं जवळून बघितली तर विचित्र दिसतायत, मग कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं असं लोकांना विचारलं की एक म्हणतो लाइटरूम फुजीला चालतच नाही, दुसरा म्हणतो कॅप्चर वनशिवाय पर्याय नाही, तिसरा म्हणतो पैसे कशाला घालवता डार्कटेबल घ्या. तिघंही आपापल्या जागी थोडे बरोबर असतात, पण तुम्ही काय शूट करता हे त्यांना माहीत नसतं.

माझं म्हणणं असं आहे की फुजीच्या बाबतीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकत्र करून टाकतात. पहिला प्रश्न बारकाव्यांचा, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या माहितीतून पानं, केस, कापडाची वीण किती स्वच्छ निघते. दुसरा प्रश्न रंगांचा, म्हणजे प्रोव्हिया, क्लासिक क्रोम, क्लासिक नेग हे जे फुजीचे तयार रंग (फिल्म सिम्युलेशन) बघून आपण कॅमेरा घेतला ते कॉम्प्युटरवर मिळतात का. पहिल्या प्रश्नात जे सॉफ्टवेअर पुढे असतं ते दुसऱ्यात असेलच असं नाही. त्यामुळे आपल्याला दोन्हीतलं जास्त काय लागतं ते आधी ठरवा आणि मग स्वतःच्या फाइलींवर तपासा. ते कसं करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी आपल्या कॅमेऱ्याच्या बॉडीत कुठला सेन्सर आहे ते बघा

हे सगळ्यात सोपं काम आहे आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. फुजीच्या सगळ्या कॅमेऱ्यांत एक्स-ट्रान्स हा फुजीचा खास सेन्सर नसतो. एक्स-ए मालिका, एक्स-टी१००, एक्स-टी२०० आणि मोठ्या सेन्सरची सगळी जीएफएक्स मालिका यांत साधा बायर सेन्सर आहे, जसा कॅनन निकॉन सोनीत असतो तसाच. पहिला एक्स१०० पण बायरच होता. तुमच्याकडे यातलं काही असेल तर खालचा पानांचा आणि रेघांचा सगळा भाग सोडून द्या, रंगांबद्दल जे लिहिलंय तेवढंच बघा, तुम्हाला कुठलंही चांगलं सॉफ्टवेअर चालेल.

एक्स-टी३, एक्स-टी४, एक्स-टी५, एक्स-एस१०, एक्स-टी३०, एक्स१००व्ही, एक्स१००सहा, एक्स-एच२ वगैरे असेल तर तुमच्याकडे एक्स-ट्रान्स आहे. हा प्रकार २०१२ मध्ये एक्स-प्रो१ बरोबर आला. बायरमध्ये लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरची रचना दोन बाय दोनची असते आणि तीच पुन्हा पुन्हा येते. एक्स-ट्रान्समध्ये ती सहा बाय सहाची आहे, ३६ पिक्सेलमध्ये २० हिरवे, ८ लाल, ८ निळे. रचना इतकी लवकर रिपीट होत नसल्यामुळे कापडावर वगैरे येणारा मॉइरे (खोट्या लाटांसारखी नक्षी) कमी होतो आणि त्यासाठी सेन्सरवर लागणारा धूसर करणारा फिल्टर फुजीला काढून टाकता आला. फायदा खराच आहे, पण त्याची किंमत सॉफ्टवेअरला मोजावी लागते.

प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, बाकीचे दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरावे लागतात, याला डिमोझेइक म्हणतात. बायरसाठी हा अंदाज लावायच्या पद्धती वर्षानुवर्षं घासून पुसून तयार झाल्यात. एक्स-ट्रान्ससाठी वेगळी पद्धत लागते, लाल आणि निळे पिक्सेल कमी असतात आणि लांब लांब असतात, त्यामुळे ज्या सॉफ्टवेअरने यावर मेहनत घेतली नाही तिथे गडबड दिसते. ही गडबड दिसते कुठे, तर बारीक, गुंतागुंतीच्या, एकाच रंगाच्या भागात. म्हणजे नेमकं आपल्या पावसाळ्यातल्या सह्याद्रीत. दूरच्या डोंगरावरची झाडी शंभर टक्के झूम करून बघा, शार्पनिंग (कडा धारदार करणं) जास्त असेल तर पानं सुटी दिसण्याऐवजी शेवया पसरल्यासारख्या वळवळत्या रेघा दिसतात. इंग्रजीत लोक याला वर्म्स म्हणतात. चेहऱ्यावर, आकाशात, भिंतीवर हे सहसा दिसत नाही, म्हणून पोर्ट्रेटवाला म्हणतो मला काहीच प्रॉब्लेम नाही आणि लँडस्केपवाला वैतागलेला असतो.

टेस्टचं फोल्डर ट्रायल सुरू करायच्या आधी बनवा

पैसे घेणारी बहुतेक सॉफ्टवेअर काही दिवस फुकट वापरू देतात पण ते दिवस मोजकेच असतात. इन्स्टॉल करून मग फोटो शोधत बसलात तर निम्मी ट्रायल त्यातच जाते. आधी एक फोल्डर करा आणि त्यात स्वतःच्या मोजक्याच आरएएफ फाइली टाका, सोबत त्याच फोटोंचे कॅमेऱ्यातले जेपेग पण ठेवा, रंग ताडून बघायला ते लागणारच.

एक फोटो दाट हिरवळीचा, बेस आयएसओवर (कॅमेऱ्याच्या नेहमीच्या सगळ्यात कमी आयएसओवर), चांगल्या लेन्सने, ट्रायपॉडवर किंवा जलद शटरने काढलेला, म्हणजे हलल्यामुळे मऊ झालाय की सॉफ्टवेअरमुळे हा घोळ राहत नाही. एक चेहऱ्याचा, आणि तो शक्यतो अवघड प्रकाशातला, हळदीच्या कार्यक्रमातला असेल तर उत्तम कारण पिवळी हळद, सावळी कातडी, वर मांडवाचं पिवळं कापड आणि बाजूला ट्यूबलाइट असं सगळं एकत्र असतं आणि त्यात रंग लगेच उघडे पडतात. एक अंधारातला, आयएसओ ६४०० च्या आसपासचा, विसर्जनाच्या मिरवणुकीतला असेल तर अजून बरं, त्यात एलईडीचे निळे-जांभळे दिवे असू द्या, कारण अशा दिव्यांत एकच रंग फुटतो आणि कुठलं सॉफ्टवेअर तो भाग सांभाळून घेतं आणि कुठलं सपाट निळा डाग करून टाकतं ते तिथेच कळतं. आणि एक दुपारचा, वर आकाश पांढरं आणि खाली सावली असा.

यात एक गोष्ट नीट बघा, ते म्हणजे डायनॅमिक रेंज (डीआर) सेटिंग. कॅमेरा डीआर२०० वर असेल तर तो रॉ एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडावर, एक्स्पोज करतो, डीआर४०० वर दोन स्टॉप, आणि मग जेपेग बनवताना सावल्या वर उचलतो. म्हणूनच एक्स-टी३ वर डीआर४०० हवं असेल तर आयएसओ किमान ६४० लागतो, बेस आयएसओ १६० असूनसुद्धा. लाइटरूम ही नोंद वाचतं आणि उजेड आपोआप भरून काढतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर आणि प्रत्येक व्हर्जन ते करेलच असं नाही, त्यामुळे तीच फाइल एकीकडे नीट आणि दुसरीकडे काळीकुट्ट उघडते आणि लोकांना वाटतं सॉफ्टवेअरच बेकार आहे. तुलना करताना निदान पहिल्या फेरीत डीआर१०० च्या फाइली घ्या.

फुकटात जे आधीच आपल्याकडे आहे ते

काहीही विकत घेण्याआधी कॅमेऱ्यातलं रॉ कन्व्हर्जन वापरून बघा. प्लेबॅकमध्ये फोटो उघडून क्यू बटण दाबलं की मेनू येतो, फिल्म सिम्युलेशन, व्हाइट बॅलन्स, हायलाइट-शॅडो टोन बदलून नवा जेपेग काढता येतो. कार्यक्रम चालू असताना कुणाला दोन फोटो लगेच पाठवायचे असतील तर यापेक्षा पटकन काही नाही.

तेच मोठ्या स्क्रीनवर करायचं तर फुजीचं एक्स रॉ स्टुडिओ आहे, २०१७ च्या शेवटी आलं, फुकट आहे. याची गंमत अशी की प्रोसेसिंग कॉम्प्युटर करत नाही, यूएसबीने जोडलेला तुमचा कॅमेराच करतो, त्यामुळे रंग शंभर टक्के कॅमेऱ्याचेच येतात आणि लॅपटॉप दहा वर्षं जुना असला तरी फरक पडत नाही. कॅमेऱ्याच्या कनेक्शन सेटिंगमध्ये जाऊन यूएसबी मोड रॉ कन्व्हर्जन आणि बॅकअप रिस्टोअरवर ठेवायचा, बॅटरी भरलेली ठेवायची, आणि केबल डेटावाली घ्यायची, नुसती चार्जिंगची केबल लावली तर कॅमेरा दिसतच नाही. अट एवढीच की ज्या मॉडेलची फाइल तेच मॉडेल जोडलेलं पाहिजे, एक्स-टी४ ची फाइल एक्स-टी३ जोडून निघत नाही. आणि यात मास्क नाही, ब्रश नाही, म्हणजे फक्त चेहरा उजळायचा किंवा फक्त आकाश गडद करायचं असं काही जमत नाही. ज्यांना फुजीचे रंग आवडतात आणि जे फोटोत फार हात घालत नाहीत त्यांचं काम इथेच होऊ शकतं, आणि असे लोक मला वाटतं बरेच आहेत, उगाच सबस्क्रिप्शन भरत बसलेले.

लाइटरूम

सगळ्यात जास्त लोक हेच वापरतात आणि वर्म्सबद्दल सगळ्यात जास्त शिव्या पण यालाच बसल्या. आजची परिस्थिती तेवढी वाईट नाही, पण सेटिंग माहीत पाहिजेत.

रंगांपासून सुरू करू. इम्पोर्ट केल्यावर लाइटरूम स्वतःचं अडोबी कलर प्रोफाइल लावतं, म्हणून फोटो कॅमेऱ्यातल्यापेक्षा वेगळा दिसतो. प्रोफाइल ब्राउझरमध्ये कॅमेरा मॅचिंग म्हणून गट असतो, त्यात प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अॅस्टिया, क्लासिक क्रोम वगैरे तुमच्या मॉडेलप्रमाणे मिळतात. दर वेळी हाताने लावायचं नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये प्रीसेट्सच्या टॅबवर रॉ डिफॉल्ट्स आहे, तिथे कॅमेरा सेटिंग्ज निवडा, मग शूट करताना जे सिम्युलेशन लावलं होतं तेच आपोआप लागतं. ही अडोबीने केलेली नक्कल आहे, बरीच जवळची आहे, पण जेपेग शेजारी ठेवलात तर सावल्यांत आणि लाल रंगात थोडा फरक दिसतो.

आता झाडांचं. शार्पनिंगमध्ये अमाउंट ४० आणि डिटेल २५ असं आधीच लावलेलं असतं. हिरवळीच्या फोटोत अमाउंट २० च्या आसपास आणा, डिटेल १० च्या खाली न्या, टेक्स्चर आणि क्लॅरिटी जपून वापरा, वळवळ बरीचशी बसते. तरी राहिली तर लाइटरूममध्ये रॉ डिटेल्स नावाची सोय आहे. हे फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि डिमोझेइकच नव्याने करतं, एक्स-ट्रान्सवर फरक डोळ्यांना दिसतो. एप्रिल २०२३ मध्ये एआय डिनॉइज (अंधारातल्या फोटोंमधले दाणे काढणारं) आलं, ते करताना रॉ डिटेल्स आतच होऊन जातं, आणि मिरवणुकीच्या फोटोंना ते खरोखर वाचवतं. पण साध्या लॅपटॉपवर एकेका फोटोला काही मिनिटं जातात, लग्नाच्या सगळ्या फोटोंवर लावायचा विचार असेल तर ग्राफिक्स कार्डाचा खर्च पण त्यात धरा.

जुनं लाइटरूम ६ कुणाकडे एकदाच पैसे भरून घेतलेलं असेल तर त्याचे अपडेट २०१७ च्या शेवटी थांबले, एक्स-टी३ २०१८ चा आहे, त्यामुळे त्याच्या आणि नंतरच्या फाइली तिथे उघडणारच नाहीत. अडोबीचा फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरून आधी डीएनजी (अडोबीचा रॉ फाइलीचा प्रकार) करून घ्याव्या लागतात. नवीन लाइटरूमचं सबस्क्रिप्शन बंद केलं तर क्लासिकमध्ये फोटो बघता येतात, बाहेर काढता येतात, पण डेव्हलप मॉड्यूल बंद होतं. हे आधी माहीत असलेलं बरं.

कॅप्चर वन

फुजी आणि कॅप्चर वनचं २०१८ मध्ये अधिकृत जमलं आणि फिल्म सिम्युलेशन फुजीबरोबर मिळून बनवली गेली. बेस कॅरॅक्टरिस्टिक्समध्ये कर्व्ह ऑटोवर ठेवलं की कॅमेऱ्यात लावलेलं सिम्युलेशन उचललं जातं. बारकावे पण इथे डिफॉल्टलाच चांगले निघतात, शेवया फारशा दिसत नाहीत. कातडीचे रंग हाताळायला याच्याइतकं सोयीचं मी तरी दुसरं पाहिलं नाही, हळदीच्या फोटोत चेहऱ्याचा पिवळेपणा आवरायचा आणि हळदीचा मात्र तसाच ठेवायचा हे कलर एडिटरच्या स्किन टोन टॅबवर दोन-तीन स्लायडरमध्ये होतं. स्टुडिओत केबल लावून थेट स्क्रीनवर शूट करणाऱ्यांचं तर हे आवडतंच.

आता अडचण. जुने लेख वाचून बरेच जण फुजीसाठीचं फुकट एक्स्प्रेस व्हर्जन शोधत येतात, ते जानेवारी २०२४ च्या शेवटी बंद झालं. आता प्रो घ्यावं लागतं, सबस्क्रिप्शनने किंवा एकदाच पैसे भरून, आणि एकदाच भरलेल्यात पुढची नवी फीचर्स मिळत नाहीत. हौशी माणसाला हे महाग पडतं, स्पष्टच सांगतो. लग्नाची आणि पोर्ट्रेटची कामं घेणाऱ्याने मात्र ट्रायल जरूर घ्यावी.

डार्कटेबल आणि रॉथेरपी

दोन्ही ओपन सोर्स, पूर्ण फुकट, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतात. झाडांच्या बारकाव्यात ही दोन्ही पैसेवाल्यांच्या तोडीस तोड आहेत, कारण दोन्हींत एक्स-ट्रान्ससाठी मार्केस्टाइन नावाची डिमोझेइक पद्धत आहे, तीसुद्धा एक पास आणि तीन पास अशा दोन प्रकारांत. रॉथेरपीत रॉ टॅबवर एक्स-ट्रान्स सेन्सरच्या खाली ती निवडायची. कमी आयएसओच्या लँडस्केपला तीन पास लावा, आयएसओ ३२००-६४०० च्या पुढे एक पास पुरतो, तिथे नॉइज इतका असतो की तीन पासचा फायदा दिसत नाही, फक्त वेळ जातो. सोबत कॅप्चर शार्पनिंग चालू केलं की पानं जी सुटी होतात ती बघण्यासारखी असतात.

कमी पडतात ती रंगांत. फाइल उघडल्यावर फोटो फिका, सपाट दिसतो, कॅमेऱ्याचा क्लासिक क्रोम तिथे एका क्लिकवर नाही. लोकांनी बनवलेल्या स्टाइल आणि लट (रंग बदलायच्या तयार फाइली) मिळतात पण प्रत्येक बॉडीवर सारखं दिसेल याची खात्री नाही. डार्कटेबलमध्ये मास्क फार ताकदवान आहेत, फोटो लावून ठेवायला लाइटटेबल आहे, लेन्सची फुजीने फाइलीतच लिहिलेली दुरुस्ती पण लेन्स करेक्शनमध्ये एम्बेडेड मेटाडेटा निवडून वापरता येते, पण शिकायला वेळ द्यावा लागतो. ज्याला शिकायची आवड आहे, जो निसर्गाचे फोटो काढतो आणि ज्याला महिन्याला पैसे भरायचे नाहीत त्याने दुसरीकडे बघूच नये.

डीएक्सओ आणि एक्स-ट्रान्सफॉर्मर

डीएक्सओ फोटोलॅब बरीच वर्षं एक्स-ट्रान्स उघडतच नव्हतं, २०२१ च्या फोटोलॅब ५ पासून उघडायला लागलं. डीपप्राइम हे त्यांचं डिनॉइज अंधारातल्या फोटोंसाठी फार चांगलं आहे. सगळं एडिटिंग तिथे करायचं नसेल तर प्युअररॉ वेगळं मिळतं, ते आरएएफ घेतं आणि साफ केलेलं डीएनजी देतं, पुढे लाइटरूममध्ये नेहमीसारखं काम. तुमच्या बॉडी आणि लेन्सच्या जोडीचं मॉड्यूल त्यांच्याकडे आहे का ते आधी बघा, स्वस्त मॅन्युअल लेन्स असतील तर नसतं.

इरिडियंट एक्स-ट्रान्सफॉर्मर हे छोटं टूल फक्त फुजीसाठीच आहे, आरएएफचं डीएनजी करतं, मॅक विंडोज दोन्हीवर. ट्रायलमध्ये फोटोवर वॉटरमार्क येतो पण झाडं बघायला तेवढं पुरतं. यातून आलेल्या डीएनजीवर लाइटरूममध्ये परत शार्पनिंग लावू नका, दोनदा लागलं की कडा तुटल्यासारख्या दिसतात.

आता तुलना प्रत्यक्ष कशी करायची

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तीच फाइल उघडा, व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्याचाच ठेवा. पहिल्यांदा काहीही न बदलता १६ बिट टिफ (क्वालिटी न गमावणारी फाइल) काढा. मग प्रत्येकात तुम्हाला येतं तितकं मनापासून एडिट करून, प्रत्येकाला साधारण सारखा वेळ देऊन दुसरं टिफ काढा. दोन्ही लागतात, कारण पहिल्यातून डिफॉल्ट कळतं आणि दुसऱ्यातून तुमचा हात कुठे बसतो ते.

टिफ एकाच व्ह्यूअरमध्ये शेजारी लावून बघा. हिरवळीचा फोटो शंभर टक्क्यांवर बघा, कोपरा नको, जिथे फोकस आहे तिथलं गवत बघा. चेहऱ्याचा फोटो मात्र झूम न करता, पूर्ण स्क्रीनवर, कॅमेऱ्याच्या जेपेगशेजारी. अंधारातल्या फोटोत काळ्या केसांत आणि ढोल-ताशावाल्यांच्या पांढऱ्या झब्ब्यांत रंगीत ठिपके राहिलेत का ते बघा, आणि उलट, चेहरे मेणासारखे गुळगुळीत झालेत का तेही. चारशे टक्के झूम करून भांडत बसू नका, तेवढा मोठा प्रिंट कुणी काढत नाही. १२ बाय १८ चा एक प्रिंट जवळच्या लॅबमधून काढून आणलात तर स्क्रीनवर मोठे वाटलेले निम्मे फरक गायब झालेले दिसतील.

मग वेग. शंभर-दोनशे फोटोंचं फोल्डर टाका आणि एका फोटोवरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो ते बघा. एक्स-टी५ किंवा एक्स१००सहाच्या ४० मेगापिक्सेल फाइली असतील तर हे फार महत्त्वाचं आहे. कॅमेऱ्यात रॉ रेकॉर्डिंग लॉसलेस कम्प्रेस्डवर ठेवा, क्वालिटीत काहीच जात नाही आणि फाइल साधारण निम्मी होते, २६ मेगापिक्सेलच्या बॉडीत अनकम्प्रेस्ड फाइल ५५ एमबीच्या आसपास असते.

ठरवताना

लग्न, माणसं, पोर्ट्रेट हेच मुख्य काम आणि त्यातून पैसे येत असतील तर कॅप्चर वन. सगळं थोडं थोडं करता, मोबाइलवर पण एडिट करता, आधीचे फोटो लाइटरूममध्येच आहेत तर लाइटरूमच ठेवा, वरची सेटिंग लावा, आणि फार अवघड हिरवळीच्या फोटोंपुरतं रॉ डिटेल्स किंवा एक्स-ट्रान्सफॉर्मर वापरा. किल्ले, घाट, जंगल असं भटकत असाल आणि बजेट नसेल तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी. रात्रीचे कार्यक्रम, नाटकाचे प्रयोग, पक्षी असं उच्च आयएसओवर शूट होत असेल तर प्युअररॉ किंवा लाइटरूमचं डिनॉइज. आणि फुजीचे रंग जसेच्या तसे पुरत असतील तर एक्स रॉ स्टुडिओ, एक रुपया खर्च न करता.

बदलायचं ठरलं तर जुने फोटो हलवायच्या मागे लागू नका. रेटिंग आणि कीवर्ड बऱ्याचदा सोबत येतात पण केलेलं एडिटिंग एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जात नाही, अडोबी ते एक्सएमपी नावाच्या फाइलीत लिहितं, रॉथेरपी पीपी३ मध्ये, आणि डार्कटेबलचं एक्सएमपी नावाने सारखं असलं तरी आतली भाषा वेगळी असते. जुन्यातले महत्त्वाचे फोटो टिफ किंवा पूर्ण साइजचे जेपेग म्हणून काढून ठेवा, एक तारीख ठरवा आणि तिथून पुढचंच नव्यात करा. डीएनजी बनवणारं कुठलंही टूल वापरलं तरी मूळ आरएएफ डिलीट करू नका, एक्स रॉ स्टुडिओला आणि कॅमेऱ्याला तीच फाइल लागते, आणि डिमोझेइकच्या पद्धती अजून सुधारतायत, आज शेवयांसारखी दिसणारी झाडी दोन वर्षांनी त्याच आरएएफमधून स्वच्छ निघू शकते, डिमोझेइक होऊन डीएनजीत एकदा पक्की झालेली नाही निघणार.